जुन्या व्हील हॉर्स ट्रॅक्टरला डिझेल इंजिन बसवताना

अमेरिकेतला गार्डन ट्रॅक्टर आपल्याकडच्या द्राक्षबागेत फिरणाऱ्या मिनी ट्रॅक्टरपेक्षाही लहान असतो. पण गवत कापायच्या पत्र्याच्या गाड्यांच्या रांगेत त्याला उभा करू नका. १९७०-८० च्या दशकातल्या गार्डन ट्रॅक्टरची चौकट जाड पोलादाची, गिअरबॉक्स ओतीव लोखंडाचा. त्याला नांगर लागतो, बर्फ ढकलायचे पाते लागते. त्यातला व्हील हॉर्स मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड गावी एल्मर पाँड यांनी १९४६ साली मुलाला, सेसिलला, सोबत घेऊन हा धंदा सुरू केला आणि १९८६ च्या अखेरीस टोरो कंपनीने तो विकत घेतला. अधल्यामधल्या काळातले सी-१२०, सी-१६० हे आठ गिअरचे ट्रॅक्टर आजही गावोगावच्या गोठ्यांत आणि गराजात उभे आहेत. गाडी धडधाकट असते, इंजिन मात्र संपलेले असते.

अशा ट्रॅक्टरला ४०० सीसीच्या आसपासचे, हवेवर थंड होणारे, एका सिलिंडरचे डिझेल इंजिन कसे बसवायचे ते या लेखात पायरीपायरीने सांगतो. सुरुवातीलाच एक सांगायचे आहे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. लोक इंजिन निवडताना एचपी बघतात. एचपी शेवटी बघा. आधी शाफ्ट, म्हणजे इंजिनातून बाहेर येणारा फिरता दांडा, बघा: किती जाड, किती लांब, कोणत्या बाजूला फिरणारा आणि मिनिटाला किती फेऱ्यांचा. शाफ्ट जुळला की बाकीचे काम ड्रिल, वेल्डिंग आणि चिकाटीने होते. तो जुळला नाही, तर कितीही चांगले इंजिन शेवटी कोपऱ्यात झाकून ठेवावे लागते.

आधी ठरवा, खरेच गरज आहे का

सी-१२० मध्ये कोहलर कंपनीचे के३०१ पेट्रोल इंजिन असते: ४७६ सीसी, १२ एचपी, सिलिंडर ओतीव लोखंडाचा. तो सिलिंडर पुन्हा बोअर करता येतो आणि दहा, वीस, तीस थाऊ (इंचाचा हजारावा भाग) जास्तीचे पिस्टन मिळतात. इंजिन निळा धूर सोडत असेल पण क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा, चांगला असेल, तर ओळखीच्या लेथवाल्याकडून बोअर करून घेणे हाच स्वस्त आणि कमी कटकटीचा मार्ग. पैसे वाचवायला डिझेल बसवू नका, ते वाचत नाहीत.

डिझेलची कारणे वेगळी आहेत. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हिवाळाभर कार्ब्युरेटरमध्ये राहिले की जेट चिकटतात. डिझेलला कार्ब्युरेटर नाही, प्लग नाही, पॉइंट नाहीत. दिवसभर काम केले तरी इंधन कमी लागते, आणि ओढ खालच्या फेऱ्यांपासून मिळते. म्हणून दहा एचपीचे डिझेल नांगरापुढे बारा एचपीच्या पेट्रोलला हार जात नाही. बदल्यात आवाज, थरथर आणि कडक थंडीत स्टार्टचा त्रास स्वीकारावा लागतो. डिझेल रिक्षेत मागच्या सीटवर बसून प्रवास केलेल्या माणसाला या आवाजाची कल्पना आहे. घराला लागून घर असेल तर शेजाऱ्यांचाही विचार करा.

कोणता ट्रॅक्टर सोपा, कोणता अवघड

गार्डन ट्रॅक्टर इंजिनाच्या मांडणीवरून ओळखायचे. काहींत शाफ्ट खाली तोंड करून असतो. ते बाजूला ठेवा, कारण या आकाराची बहुतेक डिझेल इंजिने आडव्या शाफ्टची आहेत.

दुसरा प्रकार म्हणजे इंजिन लांबीत ठेवून थेट दांड्याने गिअरबॉक्स फिरवणारा: इंटरनॅशनल हार्वेस्टरचे कब कॅडेट, जॉन डिअर ३१८. हे ट्रॅक्टर सुरेख आहेत आणि त्यांत कुबोटाचे दोन-तीन सिलिंडरचे इंजिन बसवायचा मोह होतो. कुबोटा झेड४८२ म्हणजे ४७९ सीसी, दोन सिलिंडर, पाण्यावर थंड होणारे, वजन पन्नास किलोच्या थोडे वर. मोठ्या ट्रकच्या केबिनला वीज आणि गारवा देणाऱ्या छोट्या संचांतून अशी इंजिने सुटी मिळतात. पण इथे दिशेचा प्रश्न येतो. कोहलरचे के मालिकेतले इंजिन फ्लायव्हीलकडून, म्हणजे जड चाकाच्या बाजूने, बघितले तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरते, आणि कुबोटा फ्लायव्हीलकडून बघितला तर उलटा. कब कॅडेटमध्ये फ्लायव्हील चालकाकडे असते. कुबोटा तसाच बसवला तर दांडा उलटा फिरेल. गिअरच्या गाडीत तीन गिअर मागे जायचे आणि एक पुढे, असा प्रकार होईल. हायड्रोस्टॅटिक, म्हणजे गिअरऐवजी तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, गाडीत तर आतला चार्ज पंप एकाच दिशेने तेल ओढणारा असतो. तो उलटा फिरला की हायड्रो कोरडा पडतो आणि जळतो. यावर इंजिन उलटे तोंड करून बसवणे किंवा चार्ज पंपाची मांडणी बदलणे असे उपाय आहेत. पण पहिल्याच कामाला कुणी हा रस्ता धरू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरा प्रकार व्हील हॉर्सचा. इंजिन आडवे, शाफ्ट उजव्या बाजूला बाहेर, त्यावर पुली, पुलीवरून पट्टा मागे गिअरबॉक्सला. गवत कापायच्या डेकचा क्लचही त्याच शाफ्टवर बाहेरच्या अंगाला. सगळी शक्ती एकाच टोकातून जाते आणि मध्ये पट्टा आहे. पट्टा दोन-चार सेंटिमीटरचा फरक सांभाळून घेतो, थेट दांडा एक मिलिमीटरही सोसत नाही. म्हणून हा लेख सी मालिकेच्या व्हील हॉर्सवर.

इंजिन विकत घेताना

आपल्याला हवे आहे ते यानमार एल१०० किंवा त्याच आराखड्यावर चीनमध्ये बनणारे १८६एफ. ४०६ ते ४३५ सीसी, थेट सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे, ३६०० फेऱ्यांचे, सुमारे पन्नास किलोचे. काढलेले कोहलर साठ किलोच्या आसपास असते, त्यामुळे पुढच्या चाकांवरच्या वजनात फारसा फरक पडत नाही. दोघांचेही शाफ्ट, टोकाकडून बघितले तर, घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतात. दिशा जुळली हे अर्धे काम झाले.

विकणाऱ्याकडे जाताना व्हर्नियर घेऊन जा. शाफ्ट सरळ आणि चावीच्या (पुलीला शाफ्टवर अडकवणाऱ्या लोखंडी तुकड्याच्या) खाचेचा हवा, जाडी २५.४ मिलिमीटर. जुन्या जनरेटरमधून काढलेल्या इंजिनांचा शाफ्ट अनेकदा निमुळता असतो. त्यावर पुली बसत नाही आणि क्रँक बदलायचा खर्च इंजिनाच्या किमतीला भिडतो. दुसरा सापळा असा, की यांची एक आवृत्ती कॅमशाफ्टवरून शक्ती बाहेर काढते. तिचा शाफ्ट निम्म्या वेगाने, म्हणजे १८०० फेऱ्यांनी, आणि उलट्या दिशेने फिरतो. बाहेरून इंजिन तेच दिसते. विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. सिलिंडरमधला दाब सोडणारा डिकॉम्प्रेशनचा खटका दाबा, दोरी हळू ओढा आणि शाफ्ट किती फिरतो, कुणीकडे फिरतो ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

शाफ्टची लांबी मोजा, टोकाला बोल्टची आटे पाडलेली भोके आहेत का आणि ती इंची आहेत की मेट्रिक, तेही बघा. सेल्फ स्टार्ट हवाच. इंधन बंद करणारा सोलेनॉइड (विजेने ओढणारा खटका) बसलेला असेल तर दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही. अमेरिकेत नवे इंजिन घेत असाल तर त्यावर ईपीएचे, म्हणजे तिथल्या पर्यावरण संस्थेचे, लेबल आहे ना ते बघा. कॅलिफोर्नियात नियम आणखी कडक आहेत.

नवे १८६एफ की वापरलेले यानमार? क्रँक सरळ असेल आणि कॉम्प्रेशन दमदार असेल, तर मी वापरलेले यानमार घेईन. त्याचे ओतकाम आणि इंजेक्शन पंप वरच्या दर्जाचे आहेत, आणि बरेचसे सुटे भाग दोन्हींना चालतात.

जुने इंजिन काढण्याआधी मापे घ्या

एकदा कोहलर बाहेर आले की संदर्भ हरवतो. म्हणून सगळी मापे इंजिन जागेवर असतानाच घ्यायची.

गिअरबॉक्सच्या पुलीच्या तोंडावर लांब सरळ पट्टी धरा आणि ती पुढे इंजिनाच्या पुलीपर्यंत न्या. पट्टा ज्या रेषेत धावतो ती रेषा चौकटीच्या कडेपासून किती अंतरावर आहे ते पुढे आणि मागे असे दोन ठिकाणी मोजा. ही पट्ट्याची रेषा या कामातले सगळ्यांत महत्त्वाचे माप. शाफ्टच्या मध्याची चौकटीपासूनची उंची आणि गिअरबॉक्सच्या पुलीपासूनचे अंतर मोजा. पुलीचा व्यास, पट्ट्याची लांबी आणि रुंदी लिहून ठेवा. जाड पुठ्ठ्यावर इंजिनाच्या बुडाचा साचा काढा, चार बोल्टांची जागा आणि शाफ्टची रेषा त्यावर आखा. फोटो हवे तेवढे काढा, पण फोटोतून मिलिमीटर मोजता येत नाही.

मग बॅटरी सोडवा, पेट्रोल उघड्यावर काढून घ्या, पट्टा उतरवा, डेकच्या क्लचचा आधार सोडवा. प्रत्येक वायरला चिठ्ठी लावा. विशेषतः किल्लीकडून इग्निशन कॉइलला जाणारी वायर ओळखून ठेवा, ती पुढे उपयोगी पडणार आहे. जुनी पुली पुलरने काढा. हातोड्याने ठोकून काढली तर ती वाकते आणि कोहलरच्या क्रँकवरही घाव बसतो. ते इंजिन तुम्हाला नको असले तरी दुसऱ्या कुणाला हवे असेल. उचलायला चेन ब्लॉक किंवा दुसरा माणूस घ्या.

रिकाम्या चौकटीवर डिझेलने घासून चिकटा काढा आणि बोल्टांच्या भोकांभोवती चिरा आहेत का ते उजेड धरून बघा. चीर असेल तर आत्ताच वेल्ड करून वर पट्टी लावा. डिझेलची थरथर ती चीर वाढवल्याशिवाय राहणार नाही.

प्लेट

दोन्ही इंजिनांची बोल्टांची भोके जुळत नाहीत, म्हणून मध्ये १२ मिलिमीटर जाडीची पोलादी प्लेट घालायची. पुठ्ठ्याच्या साच्यावरून जुनी चार भोके प्लेटवर उतरवा आणि तिथे डोके आत बसणारे बोल्ट वापरा, म्हणजे वर इंजिन सपाट बसेल. नव्या इंजिनाची चार भोके मात्र गोल पाडू नका, आडवी लांबट पाडा: डावी-उजवीकडे सात-आठ मिलिमीटर सरकता येईल एवढी. पट्ट्याची रेषा याच खाचांत जुळवायची आहे.

उंचीत फरक पडला तर काळजी नको, पट्ट्याच्या लांबीत तो सामावतो. पुढे-मागे थोडा फरक चालतो. डावी-उजवीकडे मात्र दीड-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त चुकले की पट्टा कड खाऊ लागतो आणि काळी भुकटी चौकटीवर दिसायला लागते.

प्लेट कापण्याआधी इंजिनाखाली वाकून तेल सोडायचा बोल्ट कुठे येतो ते बघा. त्यापुढे मोकळी खाच ठेवा. या एका खाचेअभावी दर वेळी तेल बदलताना इंजिन सोडवावे लागते, अशी कामे मी पाहिली आहेत.

रबराचे माउंट घालायचा सल्ला अनेक जण देतात. पट्ट्याच्या गाडीत मी तो मानत नाही. पट्टा इंजिनाला सतत मागे ओढतो, रबर दबते आणि रेषा बिघडते. या इंजिनांत बॅलन्सर शाफ्ट असतो, त्यामुळे थरथर सोसण्याजोगी असते. घट्ट बसवा, १०.९ ग्रेडचे बोल्ट आणि नायलॉक नट वापरा. सगळे जुळल्यावर प्लेट आणि इंजिनाचे बूड यांतून एक पिन ठोका, म्हणजे इंजिन खाचेत सरकणार नाही.

पुली, पट्टा आणि क्लच

कोहलरचा शाफ्ट सव्वा नव्हे, १ इंच आणि वर एक अष्टमांश, म्हणजे २८.६ मिलिमीटर. नवा २५.४. जुनी पुली वापरायची तर मध्ये बाही घालावी लागते आणि त्या बाहीची भिंत जेमतेम दीड मिलिमीटर येते. चावीही तेवढीच उंच करून घ्यावी लागते. पेट्रोल इंजिनाला हे चालून जाईल. एका सिलिंडरच्या डिझेलचा प्रत्येक स्फोट मात्र चावीवर घणासारखा बसतो. बाही सैल होते, खाच रुंदावते, आणि शेवटी क्रँकच खराब होतो. म्हणून २५.४ मिलिमीटरच्या भोकाची, टेपर बुश आवळून बसणारी नवी पुली घ्या. बाहेरचा व्यास जुन्या पुलीएवढाच ठेवा. दोन्ही इंजिने ३६०० फेऱ्यांची असल्याने गाडीचा वेग जसाच्या तसा राहतो.

पुली शक्य तितकी इंजिनाच्या अंगाला सरकवून बसवा. बेअरिंगपासून ती जितकी दूर, तितका क्रँकवर वाकवणारा ताण जास्त.

व्हील हॉर्सचा मूळ डेक क्लच कोहलरच्या लांब शाफ्टसाठी बनलेला आहे. बाहेरची घंटा शाफ्टच्या टोकावरच्या बेअरिंगवर फिरते आणि खटक्याने आत दाबली जाते. नव्या शाफ्टवर ही रचना बहुधा मावत नाही. सोपा उपाय म्हणजे २५.४ मिलिमीटर भोकाचा विजेचा क्लच: आधी ट्रॅक्शनची (गिअरबॉक्स फिरवणारी) पुली, मग क्लच, मग टोकाचा बोल्ट आणि जाड वॉशर. क्लचच्या अंगावरची खाच चौकटीला पक्क्या केलेल्या पिनमध्ये अडकली पाहिजे, नाहीतर क्लचचे शरीरच फिरू लागेल आणि वायर तोडेल. हा क्लच एकटाच चार-पाच अँपिअर खातो. इंजिनाची चार्जिंग कॉइल त्याहून जास्त देते का ते आधी तपासा. देत नसेल आणि तुम्हाला फक्त नांगर व बर्फाचे पाते चालवायचे असेल, तर क्लच बसवूच नका.

आता पट्टा. व्हील हॉर्सचा क्लच पेडल म्हणजे पट्टा ढिला करणारी पुली. पेडल दाबले की पट्टा सैल पडतो आणि इंजिनाच्या पुलीवरून सुटा होतो. तो सुटा व्हावा म्हणून पुलीभोवती लोखंडी बोटे असतात, ती पट्ट्याला सावरून धरतात. इंजिनाची जागा थोडी बदलली की ही बोटे चुकीच्या ठिकाणी येतात. मग पेडल पूर्ण दाबूनही पट्टा ओढत राहतो, गिअर टाकताना करकर होते आणि गाडी पुढे सरकू पाहते. गिअरबॉक्स बिघडला असे समजून लोक तो खोलतात. आधी ही बोटे पट्ट्यापासून तीन-चार मिलिमीटरवर येतील अशी वाकवून बघा. पट्टाही सगळे बसल्यावर दोरीने माप घेऊनच विकत आणा. सारखा सुटा-घट्ट होणाऱ्या या जागेला कापडाचे वेष्टन असलेला पट्टा लागतो.

डिझेलची लाइन

इंजिनाच्या डोक्यावरची टाकी काढून टाका. तिच्यासकट इंजिन अर्धा मीटर उंच होते आणि बॉनेट बसत नाही. ट्रॅक्टरची मूळ टाकी वापरा, पण आतून धुऊन, पूर्ण वाळवून. उरलेले पेट्रोल इंजेक्शन पंपाच्या प्लंजरचे वंगण घालवते.

पेट्रोलला एकच नळी पुरते, डिझेलला दोन लागतात. एक पंपाकडे जाणारी आणि दुसरी नोझलमधून गळणारे जास्तीचे डिझेल परत आणणारी. परतीची नळी टाकीच्या वरच्या भागात सोडा. काही मॉडेलांत टाकी सीटखाली, मागे आणि खाली असते. तिथून डिझेल आपोआप पंपापर्यंत चढत नाही, म्हणून कमी दाबाचा छोटा विजेचा पंप घाला. टाकीनंतर पाणी वेगळे करणारा फिल्टर आणि पंपाआधी बारीक फिल्टर, असा क्रम ठेवा. नळ्या डिझेलला चालणाऱ्याच घ्या आणि सायलेन्सरपासून लांब न्या.

बंद करण्याची व्यवस्था

पेट्रोल इंजिन ठिणगी तोडली की थांबते. डिझेलला ठिणगीच नाही. किल्ली फिरवली, बॅटरीची वायर काढली, तरी ते चालतच राहते. त्याला थांबवायचे तर डिझेल तोडावे लागते. जुन्या ट्रॅक्टरवरचे सुरक्षेचे स्विच, म्हणजे सीटवरून उठल्यावर किंवा पेडल न दाबता स्टार्ट केल्यावर काम करणारे, पेट्रोल इंजिनासाठी जोडलेले असतात. ते तसेच सोडले तर माणूस सीटवरून पडला तरी पाती फिरत राहतील. हे काम अर्धवट ठेवून ट्रॅक्टर चालवू नका, घरात लहान मुले असोत वा नसोत.

उपाय कठीण नाही. पंपाच्या दांडीवर असा सोलेनॉइड लावा, की वीज असताना डिझेल चालू आणि वीज गेली की स्प्रिंगने बंद. के मालिकेच्या बॅटरी इग्निशनच्या ट्रॅक्टरमध्ये किल्लीवरून कॉइलला जाणारी जी वायर तुम्ही चिठ्ठी लावून ठेवली, तिचे काम आता हेच: किल्ली चालू असताना बारा व्होल्ट, बंद केल्यावर शून्य. पण ती वायर थेट सोलेनॉइडला जोडू नका. दांडी ओढताना सोलेनॉइड क्षणभर कितीतरी जास्त करंट घेतो, धरून ठेवायला मात्र एखादा अँपिअर पुरतो. म्हणून मध्ये रिले घाला आणि फ्यूज लावा. ज्या मॉडेलांना सीटखाली स्विच आहे, तिथे तो रिलेच्याच वायरीत ओळीने जोडा. जुना स्विच अर्थिंग देऊन ठिणगी बंद करणाऱ्या जातीचा असेल तर बदला, इथे सर्किट तोडणारा हवा.

याशिवाय हाताने ओढायची एक केबल दांडीला वेगळी लावा. विजेवर विसंबायचे नाही.

बॅटरीही मोठी घ्या. साध्या गवताच्या ट्रॅक्टरची छोटी बॅटरी डिझेलचे कॉम्प्रेशन थंडीत फिरवू शकत नाही. सेल्फची आणि अर्थिंगची केबल २५ चौरस मिलिमीटरच्या आसपासची, आणि अर्थिंग रंग खरवडून थेट इंजिनाला.

हवा, सायलेन्सर, बॉनेट

इंजिन स्वतःच्या फ्लायव्हीलच्या पंख्याने थंड होते. पंख्यापुढचा पत्रा बॉनेटने झाकला जात असेल तर तिथे जाळी कापा. गरम हवा परत त्याच बाजूला फिरून येऊ नये म्हणून मध्ये पत्र्याची आडभिंत घाला. सायलेन्सर चालकापासून दूर तोंड करून, टोकाला पाऊस आत न जाणारे झाकण.

पहिला स्टार्ट

नवी इंजिने बहुतेक वेळा तेल न भरता येतात. डिझेल इंजिनासाठीचे १५डब्ल्यू-४० तेल, एल१०० ला सुमारे १.६५ लिटर. व्हॉल्व्हचे अंतर इंजिन थंड असताना ०.१५ मिलिमीटर, ते आधी तपासा.

पट्टा उतरवून ठेवा. फिल्टरपासून सुरू करून एअर काढा, शेवटी नोझलकडे जाणाऱ्या पोलादी नळीचा नट अर्धा फेरा ढिला करून सेल्फ मारा. फेस थांबून स्वच्छ डिझेल आले की आवळा. ती नळी कुठे गळते हे हात लावून कधीही बघू नका. एल१०० चा नोझल १९.६ मेगापास्कलला, म्हणजे जवळपास २०० बारला उघडतो. त्या दाबाची धार कातडी फोडून आत जाते आणि बोट कापायची वेळ येते. गळती बघायला पुठ्ठा धरा.

हवेच्या फिल्टरचे झाकण काढून ठेवा आणि तोंड पूर्ण झाकेल अशी सपाट फळी हाताशी ठेवा. फेरे आपोआप वाढत गेले आणि सोलेनॉइडने थांबले नाही तर हवा अडवणे एवढाच उपाय उरतो. तळहाताने अडवायला जाऊ नका. जवळ आग विझवायचा सिलिंडर असू द्या. सुरू झाले की अर्ध्या मिनिटात बंद करून बघा: किल्लीने, मग केबलने, मग सीटवरून उठून. तिन्ही तऱ्हांनी थांबल्याशिवाय पट्टा चढवायचा नाही.

नंतर टॅकोमीटरने फेरे मोजा. फेऱ्यांवर लगाम ठेवणाऱ्या गव्हर्नरचा कमाल फेऱ्यांचा स्क्रू वाढवायचा मोह टाळा. अमेरिकेतल्या मानकाप्रमाणे गवत कापायच्या पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांच्या आत राहावा लागतो, आणि मूळ डेक ३६०० फेऱ्यांचा हिशेब धरूनच बनवलेला आहे.

पहिले काही आठवडे

पहिल्या तासानंतर प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळा, पाच तासांनी पुन्हा. पुलीचा टेपर बुश सगळ्यांत आधी ढिला होतो. वीस-पंचवीस तासांत तेल बदला, त्यात ओतकामाची बारीक धातूची भुकटी असते.

धुराकडे लक्ष ठेवा. नांगर ओढताना हलका काळा धूर दिसला की गिअर एक खाली घ्या. सकाळी पांढरा धूर येऊन इंजिन तापल्यावर थांबत असेल तर ठीक, दुपारीही येत असेल तर नोझल तपासा. उगाच तासन्‌तास मंद चालवत ठेवू नका. अर्धवट जळलेले डिझेल सायलेन्सरमध्ये चिकट काजळी होऊन साचते. शेतीच्या दुकानात मिळणारे लाल रंगाचे डिझेल रस्त्यावर न जाणाऱ्या यंत्रांसाठीच असते आणि त्यावर रस्त्याचा कर नसतो. या ट्रॅक्टरला तेच भरा.

अमेरिकेच्या थंड मिडवेस्ट भागात हा ट्रॅक्टर बर्फासाठी वापरायचा असेल तर नोव्हेंबर लागण्याआधी टाकीतले उन्हाळी डिझेल संपवा. थंडीत त्यातले मेण गोठून फिल्टर बंद होतो. हिवाळी मिश्रण किंवा नंबर एकचे डिझेल भरा आणि फिल्टरमधले पाणी दर आठवड्याला सोडा. या इंजिनांना सहसा ग्लो प्लग, म्हणजे सुरू करण्याआधी आतली हवा तापवणारा प्लग, नसतो. उणे तापमानात डिकॉम्प्रेशनचा खटका दाबून काही फेरे मोकळे फिरवा, तेल सगळीकडे पोचू द्या आणि मगच खटका सोडून स्टार्ट करा. ईथरचा फवारा मारू नका, थेट इंजेक्शनच्या एवढ्या लहान इंजिनाचा कनेक्टिंग रॉड त्याने वाकू शकतो. त्याऐवजी क्रँककेसला चिकटवायचा विजेचा हीटर लावा आणि सकाळी बर्फ काढायच्या तासभर आधी प्लग जोडा.